मस्टँग, ट्रक आणि माझी वही



२०२४ च्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. नववा दिवस, उत्तम आकिंचन्य धर्म. सेंटरमध्ये पूजा आणि स्वाध्याय आटोपून आम्ही पार्किंगमध्ये आलो, तर एका मैत्रिणीनं हसत हसत विचारलं, "काय गं, तू परिग्रह परिमाण घेतलंयस ना? मग ही घोडागाडी कुठल्या रकान्यात लिहिलीस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. समोर आमची निळी मस्टँग उभी होती, पुढच्या जाळीवर धावणारा घोडा. तिच्या प्रश्नात चेष्टा होती, पण चेष्टेच्या आत खरा प्रश्नही होता, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. त्या दिवशी मी "सांगेन कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. आज सांगते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आमच्या घराची परिस्थिती. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या जवळ राहतो. आमचे हे गेली एकोणीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. मुलगी नोकरीसाठी शिकागोला. घरात आम्ही दोघं आणि दोन गाड्या. माझी साधी गाडी, जिच्यातून मी किराणा आणते आणि सेंटरला येताना दोन वयस्कर काकूंना घेऊन येते. आणि यांची फोर्ड फ्यूजन. त्या फ्यूजननं अकरा हिवाळे काढले. इथे रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. २०२४ च्या फेब्रुवारीत मेकॅनिक म्हणाला, आता हिच्यावर खर्च करू नका.

तशीच दुसरी साधी सेडान घ्यावी असं मनात होतं. पण फोर्डनं २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की अमेरिकेत साध्या सेडान गाड्या हळूहळू बंद करणार, आणि फ्यूजन २०२० मध्ये बंद झालीसुद्धा. आता त्यांच्याकडे एसयूव्ही आहेत, पिकअप ट्रक आहेत, आणि ज्याला 'कार' म्हणावं असं एकच नाव उरलंय, मस्टँग. दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायला कोणाची बंदी नव्हती. पण यांचं पोट ज्या कारखान्यांवर चालतं त्यांचीच गाडी दारात असावी, असं यांना वाटतं. शिवाय सप्लायर कंपन्यांच्या लोकांना एक्स-प्लॅनमधून ठरलेल्या किमतीत गाडी मिळते, घासाघीस नाही. एसयूव्ही यांना नको होती. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन छापील कागद आले. एकावर रेंजर पिकअप, दुसऱ्यावर मस्टँग.

तुम्हाला वाटेल, कुठे ट्रक आणि कुठे स्पोर्ट्स कार! मलाही तसंच वाटलं होतं. पण किंमत बघा. रेंजरचा सर्वात साधा प्रकार आणि मस्टँगचा सर्वात साधा प्रकार, २०२४ मध्ये दोन्ही ३२ ते ३५ हजार डॉलरच्या मधेच होते. वर जायचं म्हटलं तरी जोडी तशीच चालते. व्ही-८ इंजिनची मस्टँग जीटी ४० हजारांच्या पुढे जाते आणि मधल्या दर्जाची एफ-१५० ट्रकही ४५ हजारांच्या पुढे. तिघींचे कारखाने आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहेत. रेंजर वेनमध्ये बनते, एफ-१५० डिअरबॉर्नमध्ये, मस्टँग फ्लॅट रॉकमध्ये.

आणि सर्वात गमतीची गोष्ट यांनी मला सांगितली. साध्या रेंजरमध्ये आणि साध्या मस्टँगमध्ये इंजिन एकाच मापाचं, २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो. ट्रकमध्ये ते २७० अश्वशक्ती देतं, मस्टँगमध्ये ३१५. म्हणजे आत जवळपास तेच, वर चढवलेलं रूप वेगळं. एकाच्या मागे पाच फुटी हौदा, साधारण पाऊण टन ओझं घेणारा. दुसऱ्याच्या मागे दोन बॅगा मावतील एवढी डिकी आणि ज्यावर मोठ्या माणसानं बसू नये अशी मागची सीट.

मी क्षणात ट्रकच्या बाजूनं झाले. माझं माहेर तासगावकडचं. घरची द्राक्षबाग होती. आमच्या अण्णांचा जुना टेम्पो हेच घरातलं चारचाकी वाहन. त्या हौद्यात द्राक्षांचे क्रेट गेले, बेदाण्याची पोती सौद्याला गेली, खताची पोती आली, मावशीच्या लग्नाचं वऱ्हाडही आलं. अण्णा म्हणायचे, "गाडीनं घराला खायला घातलं पाहिजे, घरानं गाडीला न्हवं." ते वाक्य माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की नुसती माणसं मिरवायला नेणारी गाडी मला उधळपट्टीच वाटते. ट्रक म्हणजे कष्ट, ट्रक म्हणजे उपयोग, ट्रक म्हणजे संयम. असं माझं समीकरण.

आणि माझ्याकडे आणखी एक हत्यार होतं. माझी वही.

२०१९ च्या दशलक्षणात, आकिंचन्याच्याच दिवशी, मी भगवंतांच्या मूर्तीसमोर परिग्रह परिमाणाचा नियम घेतला होता. आपले दिगंबर मुनी पायीच विहार करतात, वाहनात बसत नाहीत, त्यामुळे अमेरिकेत त्यांचं सान्निध्य मिळत नाही. म्हणून मूर्तीसमोर, मनाच्या साक्षीनं. एका वहीत यादी केली. सोनं इतके ग्रॅम, साड्या इतक्या, घर एक, वाहनं दोन. आणि पुढे लिहिलं, कुठलंही एक वाहन ३५ हजार डॉलरच्या वरचं नाही. घरात महागाईबद्दल बोलणं झालं होतं, यांनीही मान डोलावली होती. पण वही माझी होती.

ती वही मी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे बघा, आपल्याला उपभोगाची मर्यादा आहे. मस्टँग बसत नाही यात."

हे म्हणाले, "किमतीत तर बसतेय."

"किमतीत बसते हो, भावनेत बसत नाही."

यावर हे काहीच बोलले नाहीत. कागद घडी करून ठेवला आणि टीव्ही लावला. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा टीव्ही लागतो का? बातम्या ऐकण्यासाठी नाही, बोलणं संपवण्यासाठी लागतो तो?

तीन आठवडे हा विषय निघाला नाही. मी मनात जिंकले होते. मी पिकअपची यादीही केली. महावीर जयंतीला सेंटरचे मंडप, टेबलं, पाळणा न्यायला. बागेसाठी माती आणायला. मुलीचं घर बदलताना सामान न्यायला. हिवाळ्यात बर्फात अडकू नये म्हणून.

मग एक दिवस हिशेब नीट करावा म्हणून मी कॅलेंडर घेऊन बसले. मागच्या पूर्ण वर्षात आम्हाला हौद्याची खरी गरज किती वेळा पडली? महावीर जयंती एकदा. माती एकदा. जुना सोफा दान करायला एकदा. मुलीचं सामान एकदा, तेही तिनं शिकागोत भाड्याची व्हॅन घेऊन नेलं होतं. म्हणजे तीन-चार दिवस. उरलेले तीनशे साठ दिवस तो हौदा रिकामा, हवा वाहत फिरणार होता. आणि त्या तीन दिवसांसाठी शेजारच्या आजोबांची एफ-१५० होतीच. प्रत्येक वेळी त्यांनीच किल्ली आणून दिली होती आणि मी त्यांना डब्यात शंकरपाळी दिली होती.

हे आजोबा डिअरबॉर्नच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना विचारलं, तुम्ही तुमच्या ट्रकमध्ये काय काय वाहता? ते हसले, म्हणाले, किराणा आणि कुत्रा. मग म्हणाले की आमच्या गल्लीतले निम्मे ट्रक तसेच आहेत. कामासाठी घेतलेले थोडे, कामाचे दिसावेत म्हणून घेतलेले बरेच.

ते वाक्य मला टोचलं. कारण मीही तेच करत होते. मला ट्रक हवा होता तो माती वाहायला नाही. सेंटरच्या पार्किंगमध्ये लोकांनी म्हणावं, "बघा, किती साध्या, कामसू!" यासाठी हवा होता. म्हणजे मिरवायला मलाही गाडीच लागत होती, फक्त मिरवायची गोष्ट वेगळी होती.

आजोबांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत बाहेरच्या देशातून आलेल्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर आहे, तो १९६४ पासून. त्याला लोक 'चिकन टॅक्स' म्हणतात. युरोपनं अमेरिकेच्या स्वस्त कोंबडीवर कर वाढवला, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट कर लावला. कशाकशावर? बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. बाकीच्यांवरचा नंतर उठला, ट्रकवरचा राहिला. इथल्या कंपन्यांना बाहेरच्या ट्रकची स्पर्धा कमी राहिली त्याचं एक कारण हे. मी घरी येऊन यांना म्हटलं, "ज्या ट्रकला मी सात्त्विक समजत होते त्याच्या मुळाशी कोंबडी, बटाटा आणि दारू निघाली!" त्या महिन्यात हे पहिल्यांदा मोकळे हसले.

हसणं थांबल्यावर हे म्हणाले, "आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मस्टँग आली. १७ एप्रिल १९६४, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. किंमत २,३६८ डॉलर. आतून ती साधी फाल्कन होती, नोकरदार माणसाची गाडी. वरून फक्त छान शिवलेली."

मी विचारलं, "तुम्हाला हे सगळं पाठ कसं?"

तेव्हा यांनी जे सांगितलं ते पंचवीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. इचलकरंजीला शाळेत असताना एका मित्राच्या काकांनी परदेशातून खेळण्यातली मस्टँग आणली होती. मित्र ती कोणाला हात लावू देत नसे. पुढे इथे नोकरी लागली ती सीट ज्या रुळांवर मागेपुढे सरकते त्या रुळांच्या कामावर. त्यातली काही वर्षं मस्टँगच्याच सीटसाठी. "माझ्या हातचे रूळ असलेल्या गाडीत लोक बसतात," हे म्हणाले, "मी कधी बसलो नाही. बसलोच तर कारखान्यात, मोजमाप घ्यायला."

मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला तू वही ठेवलीस ना टेबलावर."

आणि मग शांतपणे म्हणाले, "अगं, व्रत तुझं आहे. मला त्याचा आदर आहे. पण तू त्याची छडी केलीस. जी गोष्ट तू स्वतःला आवरायला घेतलीस, ती तू मला आवरायला वापरतेस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दशलक्षणातला तिसरा धर्म आर्जव, सरळपणा. मी व्रताच्या आडून माझी आवड पुढे रेटली होती. त्यात सरळपणा कुठे होता?

सकाळी मी ग्रंथ काढून बसले. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही, मूर्च्छेवरून करून दिली आहे. म्हणजे वस्तूबद्दलची 'माझं माझं' ही गुंगी. हे आपण सगळ्या स्वाध्यायात ऐकतो. पण ऐकताना मी नेहमी दुसऱ्याची मूर्च्छा शोधत आले. दुसरीकडे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितलेत, त्यातली प्रमादचर्या म्हणजे कारणाशिवाय केलेला आरंभ. विनाकारण पाणी सांडणं, झाडाची पानं तोडणं, विनाकारण हिंडणं आणि हिंडवणं. हे वाचून मी थबकले. स्पोर्ट्स कार म्हणजे विनाकारण हिंडण्याचं आमंत्रण, हे खरंच. पण तीनशे साठ दिवस रिकामा हौदा ओढत फिरणं हेही तेच. तेवढ्याच इंजिनच्या रेंजरपेक्षा मस्टँग पेट्रोलही कमी पिते, शहर आणि हायवे मिळून गॅलनला २६ मैलांच्या आसपास, आणि रेंजर २२ च्या आसपास. म्हणजे जीवहिंसेच्या नुसत्या हिशेबात माझा ट्रक काही पुढे नव्हता.

मग आम्ही दोघं परत टेबलावर बसलो. वही मधे ठेवली, पण या वेळी दोघांनी मिळून वाचली. ३५ हजारांची मर्यादा मोडायची नाही, हे यांनीच आधी सांगितलं. आणि त्या मर्यादेनं दोन्ही बाजूंना कात्री लावली. माझ्या बाजूनं बघा. बर्फासाठी फोर व्हील ड्राइव्हची रेंजर घ्यायची तर तीन-साडेतीन हजार आणखी, म्हणजे मर्यादा ओलांडली. यांच्या बाजूनं तर जास्तच लागलं. यांना हातानं गिअर टाकायची गाडी हवी होती. गावाकडे काकांच्या जीपवर शिकले होते ना. पण २०२४ च्या मस्टँगमध्ये हातानं टाकायचा गिअर फक्त व्ही-८ गाड्यांना, चार सिलिंडरच्या साध्या गाडीला ऑटोमॅटिकच. आणि जीटी ४० च्या पुढे. यांनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं, आणि काढून घेतलं. तो क्षण मी विसरणार नाही. त्याग कशाला म्हणतात ते मला त्या बोटात दिसलं.

मग मी म्हटलं, "साधी मस्टँग घ्या."

शोरूममधलं वर्णन फार करत नाही. विकणारा मुलगा चांगला होता, पण त्याचं काम वरचा प्रकार विकण्याचं. चामड्याच्या सीट, मोठी चाकं, हे पॅकेज, ते पॅकेज. यांनी एकच सांगितलं, सीट कापडाचीच हवी. त्याला कारण कळेना. मी समजावलं की आम्ही चामडं वापरत नाही, चपलासुद्धा नाही. साध्या प्रकारात सीट कापडाच्याच होत्या, सुटलो. पण विचारल्यावर कळलं की स्टीअरिंगवर चामड्याचं आवरण आहे आणि ते वगळून गाडी येत नाही. तुमच्यापासून लपवत नाही, तिथे आम्ही हरलो. वरून कापडी कव्हर घातलं, पण कव्हर घातल्यानं दोष जात नाही, फक्त हाताला लागत नाही. तेवढा दोष आमच्या खात्यावर आहे. जीवदयेच्या निधीत त्या वर्षी जास्त टाकले, ते प्रायश्चित्त म्हणून, सवलत म्हणून नाही. तुमच्यापैकी कोणी नवी गाडी घेणार असेल तर सीटबरोबर स्टीअरिंग आणि गिअरची मूठही आधीच विचारा. आम्ही सीटवरच थांबलो होतो.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण हा घरसंसाराचाही ब्लॉग आहे. मस्टँगचा विमा रेंजरपेक्षा आम्हाला जास्त पडला. इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे बर्फासाठी वेगळे टायर घ्यावे लागले, तो खर्च आधी धरलेला नव्हता. पिकअपला पुढे विकताना किंमत बरी येते असं सगळे सांगतात. पैशाच्या नुसत्या बेरजेत पाच-सात वर्षांनी ट्रक स्वस्त पडला असता, हे मी मान्य करते. म्हणजे मस्टँग घेऊन आम्ही शहाणपणा केला असं मी म्हणत नाही. आम्ही मर्यादेत राहून एका माणसाची एक जुनी इच्छा पुरी केली, एवढंच.

गाडी मे महिन्यात आली. आणि आल्या दिवशी यांनी स्वतःहून एक नियम घेतला. नुसतं फिरायला म्हणून गाडी काढायची नाही. कामावर जायचं, सेंटरला यायचं, कोणाला दवाखान्यात न्यायचं, त्यासाठी काढायची. मी कोणतीही वही पुढे केली नव्हती. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं थांबलात, एखाद्या रविवारी तळ्याकाठी जाऊ की." हे म्हणाले, "ऑफिसला जातानाच रोज बसतो ना मी तिच्यात. पुष्कळ झालं."

आता खरी गोष्ट.

जुलैमध्ये सेंटरला मुलांच्या पाठशाळेचा कार्यक्रम होता. बाहेर आलो तर शेजारच्या गाडीचं दार एका लहान मुलानं धाडकन उघडलं आणि आमच्या मस्टँगच्या दारावर आदळलं. बोटभर लांब ओरखडा आला, निळ्या रंगाखालचं पांढरं दिसलं. सात-आठ वर्षांचं लेकरू, घाबरून आईच्या मागे लपलं.

यांनी वाकून पाहिलं, अंगठा फिरवला आणि मुलाला म्हणाले, "काही नाही रे, तुझ्या बोटाला नाही ना लागलं?" संपलं. गाडीत बसले आणि घड्याळ बघितलं.

आणि मी? मी त्या मुलाकडे असं बघितलं की ते रडायला लागलं. त्याच्या आईनं माफी मागितली, तर मी तोंडानं "असू दे" म्हटलं आणि चेहऱ्यानं काहीच असू दिलं नाही. घरी येईपर्यंत मी बोलत होते. नवी गाडी, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, लोक मुलांना सांभाळत नाहीत, रंगाला किती खर्च येईल. हे गप्प गाडी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "गाडी कुणाची आहे गं? माझी की तुझी?"

मी गप्प झाले. ज्यानं ती चाळीस वर्षं मनात ठेवली त्याला ओरखडा लागला नाही. जिला ती नकोच होती तिला लागला. स्टीअरिंगवर हात त्यांचा होता आणि मूर्च्छा माझी होती. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती गाडी पुसत होते मी, हेही मला तेव्हाच आठवलं. स्वच्छता म्हणून पुसते असं मी स्वतःला सांगत होते.

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. घोडागाडी कुठल्या रकान्यात?

आपल्याकडे परिग्रह दोन प्रकारचे सांगितलेत, बाहेरचे दहा आणि आतले चौदा. बाहेरच्यांत शेत, घर, धन, धान्य असं सगळं येतं, एका यादीत यान म्हणजे वाहनही आहे. तिथे मी मस्टँग लिहिली आहे. वाहनं दोन, किंमत मर्यादेत, तारीख घातली आहे. तो रकाना बरोबर आहे, कोणीही तपासावा. पण आतल्या चौदांत क्रोध आहे, मान आहे. माझ्या वहीत त्यांना रकानाच नव्हता. सोन्याचे ग्रॅम मोजले, साड्या मोजल्या, पण "कामसू म्हणवून घेण्याची हौस, इतकी" असं मी कुठे लिहिलं नव्हतं. तिची मर्यादाही घातली नव्हती. रेंजर घेतली असती तर तो मान निवांत वाढत राहिला असता आणि मला कधी कळलंही नसतं. त्यामुळे मस्टँगचं पुण्य आहे असं नाही. कुठलीही गाडी घेतली असती तरी घरात चालवणारी मीच होते.

वहीत आता मागच्या बाजूला एक पान वेगळं ठेवलंय. संध्याकाळी सामायिकानंतर त्यात एखादी ओळ लिहिते. पहिली ओळ जुलैतल्या त्या रविवारची आहे.

आणि त्या लेकराची आई? पार्किंगमध्ये मला हसत प्रश्न विचारणारी मैत्रीण तीच. तिला चेष्टेत विचारायचा हक्क होता असं मी वर म्हटलं ते म्हणूनच. क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्याकडे गेले, हात जोडले, आणि तिच्याआधी तिच्या मुलासमोर खाली बसून त्याला उत्तम क्षमा म्हटलं. त्याला काय कळलं माहीत नाही. तो म्हणाला, "आंटी, मी या गाडीत एकदा बसू?"

यांनी लगेच किल्ली काढली. मी यांच्या नियमाची आठवण करून देणार होते, विनाकारण फिरायचं नाही म्हणून. मग गप्प बसले. हे त्याला सेंटरच्या पार्किंगला एक चक्कर मारून घेऊन आले. उतरताना त्यानं दार अगदी हळू, दोन्ही हातांनी लावलं. ओरखडा अजून तसाच आहे, आम्ही रंगवला नाही.

उत्तम क्षमा.